उताऱ्यावर ज्यांचे नाव नाही

कृष्णेस पूर येणे ही काही नवी गोष्ट नव्हे. महाबळेश्वराहून निघालेल्या या नदीस कराडास कोयना मिळते, ब्रह्मनाळास येरळा मिळते आणि सांगलीपाशी हरिपुरास वारणा मिळते. आषाढ-श्रावणात या साऱ्यांचे पाणी एकदम उतरू लागले म्हणजे काठच्या गावांस त्याला वाट करून देण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही. परंतु ज्या पुराची गोष्ट आजोबाने नातवास सांगावी, तो पूर नातवाने स्वतः तीनदा पाहावा, हे मात्र नवे आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका समजतात. २००५ साली ते ५४ फुटांच्या जवळ पोहोचले. २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांच्या वर चढले. आणि त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ फुटांच्या घरात गेले. सोळा वर्षांत तीन महापूर ज्या प्रांताने सोसले, त्या प्रांतात पुरानंतर काय करावयाचे याची रीत एव्हाना पक्की व्हावयास हवी होती. ती तशी झालेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर कशामुळे येतो या वादात आज आम्ही शिरत नाही. अलमट्टीची भिंत, कोयनेचा विसर्ग, नदीच्या पात्रात उभी राहिलेली बांधकामे, यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. २००५ च्या व २०१९ च्या पुरानंतर सरकारने श्री. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समित्याही नेमल्या, आणि त्यांचे अहवाल आलेले आहेत. आमचा आजचा प्रश्न याहून साधा आहे. पाणी ओसरल्यावर गाव पुन्हा उभे करण्यासाठी जे द्रव्य सरकार खर्च करते, ते कोणाच्या नावाने खर्च होते?

याचे उत्तर पंचनाम्यात सापडते. पाणी उतरले की तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक गावात येतात, शिवार पाहतात, आणि ज्याच्या नावे सातबाराचा उतारा आहे त्याचे नुकसान लिहून घेतात. २०१९ व २०२१ साली केंद्र सरकारचे जे निकष लागू होते, त्यांप्रमाणे तेहतीस टक्क्यांहून अधिक पीक गेले असल्यास जिरायतास हेक्टरी ६,८०० रुपये, बागायतास १३,५०० रुपये मिळावयाचे, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. जमीनच खरवडून गेली तर हेक्टरी ३७,५०० रुपये. मात्र तेथे अट अशी की, जमिनीची मालकी महसुली दप्तराप्रमाणे सिद्ध असली पाहिजे. राज्य सरकारने या रकमांत स्वतःची भर घातली, हे आम्ही नाकारीत नाही. २०२१ च्या ऑगस्टात साडेअकरा हजार कोटींची योजना जाहीर झाली. तीत दुकानदारास नुकसानीच्या पाऊण हिश्शापर्यंत परंतु ५० हजारांच्या आत, आणि टपरीवाल्यास १० हजार अशी सोय होती. हेतू चांगला होता, रक्कमही लहान नव्हती. परंतु या सर्व व्यवस्थेचा पाया एकच: ज्याची मालमत्ता कागदावर आहे, त्याचेच नुकसान झाले.

आता वाळवे किंवा पलूस तालुक्यातले कोणतेही काठचे गाव वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. ऊस दहा-बारा दिवस पाण्याखाली राहिला, शेंड्यात चिखल बसला, आणि फड उभ्या उभ्या कुजला. मालकाचे पीक गेले, हे खरेच. पण त्या फडाची भांगलण करणाऱ्या बाईचे काय गेले? तिचे ऑगस्टापासून दिवाळीपर्यंतचे सारे कामाचे दिवस गेले. पिकाचे नुकसान मोजण्यास हेक्टर आहे. तिच्या नुकसानीस मापच नाही. ती राहते ते घर बहुधा गावाच्या उतारावर, नदीच्या अंगाला असते. कारण उंचवट्यावरची जागा ज्यांनी पूर्वी घ्यावयाची त्यांनी घेतली, आणि महारवाडे, मांगवाडे, वडारवस्त्या यांच्या वाट्यास सखल जमीन आली. पुराचे पाणी जातपात पाहत नाही असे सभांतून म्हणतात. तसे म्हणणाऱ्यांनी एकदा गावठाणाचा नकाशा हातात घेऊन पाणी प्रथम कोणत्या घरात शिरते आणि शेवटी कोणत्या घरातून निघते हे पाहावे, इतकीच आमची विनंती आहे.

मातीच्या भिंतीच्या घराचा एक विशेष आहे, तो शहरातल्या वाचकांस ठाऊक नसेल. पाणी चढलेले असते तोवर भिंत उभी राहते. पाणी ओसरून ऊन पडले, पायातली माती सुटली, म्हणजे ती दोन-चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी, बसते. पंचनामा त्याआधी होऊन गेलेला असेल तर घर ‘अंशतः पडझड’ या सदरात जाते. शिवाय निकषांत असेही लिहिले होते की, पडलेले घर अधिकृत बांधकाम असले पाहिजे. सपाट मुलखातल्या पूर्ण पडलेल्या घरास ९५,१०० रुपये आणि झोपडीस ४,१०० रुपये, असे दोन दर होते. गायरानात किंवा नदीच्या पडीत पन्नास वर्षे राहणाऱ्या माणसाचे घर या दोहोंपैकी कशात बसवावयाचे हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहते, आणि त्या मर्जीमागे गावातले वजन कसे काम करते हे सांगण्याची गरज नाही. २०१९ साली तर कपडे, भांडी व धान्य यांच्या मदतीसाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असले पाहिजे अशी अट वाचून लोक संतापले, आणि तो संताप योग्य होता. चूल एका रात्रीत विरघळते. तिला दोन दिवस लागत नाहीत.

वाट्याने, खंडाने किंवा फाळ्याने शेत कसणाऱ्याची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे. बी त्याचे, खत त्याचे, सोसायटीबाहेरून काढलेले कर्ज त्याचे. नुकसानभरपाई मात्र मालकाच्या खात्यात. कसणारा मालक नसल्यास त्याची नोंद करण्याची तरतूद महसुलाच्या नमुन्यांत आहे. मग ती होत का नाही? कारण १९४८ च्या कुळकायद्याने, आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर, कसणाराच मालक होऊ लागला. तेव्हापासून जमीन दुसऱ्यास कसावयास देणारा तोंडी करार करतो आणि कागदावर स्वतःचाच वहिवाटदार म्हणून उल्लेख ठेवतो. तो कायदा फार मोलाचा होता, त्याने हजारो कुळांस माणसात आणले, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु कसणाराच्या हितासाठी झालेल्या कायद्याच्या भीतीने आजच्या कसणाराचे नावच दप्तरातून पुसले जावे, हा दैवदुर्विलास आहे, आणि पूर आला म्हणजे तो उघडा पडतो.

असे कोणी म्हणेल की, सरकारने मजुरांचाही विचार केलेला होता. होय, केला होता. ज्या कुटुंबांच्या उपजीविकेवर गंभीर परिणाम झाला त्यांतील प्रौढ माणसास रोज ६० रुपये आणि मुलास ४५ रुपये, असे त्या निकषांत लिहिलेले होते. २०१९-२० साली याच महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर मजुरीचा दर २०६ रुपये होता. म्हणजे काम करणाऱ्या हातांची किंमत २०६ आणि पुराने रिकाम्या बसविलेल्या हातांची किंमत ६०, असा हिशेब सरकारनेच मांडला.

हा हिशेब ज्या भूमीत मांडला गेला, तिचा इतिहास मात्र याच्या अगदी उलट आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सातारा जिल्हा होरपळून निघाला. आज सांगलीत असलेला तासगाव तालुका त्या वेळी साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा म्हणून निराळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्यास सांगली हे नाव १९६० साली मिळाले. सावकारी पाशात सापडलेल्या कुणब्यासाठी १८७९ साली जो दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला, त्याच्या चार जिल्ह्यांत पुणे, नगर, सोलापूर यांच्या जोडीस सातारा होता. त्या दुष्काळानंतर बसलेल्या कमिशनने १८८० साली एक गोष्ट मान्य केली. ती अशी की, दुष्काळात प्रथम मरतो तो धान्य नसल्यामुळे नव्हे, तर काम नसल्यामुळे. आणि म्हणून पहिला घाव शेतमजूर व कारागीर यांच्यावर पडतो. परकी सरकारची दुष्काळी कामे कठोर होती, मजुरी पोटापुरतीही नव्हती, हे आम्ही विसरत नाही. तथापि मदतीचा विचार जमिनीच्या मालकापासून न करता मजुरीस मुकलेल्या माणसापासून करावा, एवढे तरी त्या परक्यांस कळले होते.

हाच विचार पुढे दानाच्या पायरीवरून हक्काच्या पायरीवर नेला तो सांगली जिल्ह्याने. विधानपरिषदेचे सभापती कै. वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातील विसापूरचे. मागेल त्यास काम, या त्यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यातच झाला. पुढे १९७२ च्या दुष्काळात ती योजना सर्व राज्यभर पसरली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. १९७७ साली विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले. तिचा खर्च भागविण्यासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसायकर बसविण्यात आला. मुंबईच्या कारकुनाने दरमहा चार पैसे द्यावे आणि माणदेशाच्या माणसाच्या हातास काम मिळावे, अशी ही योजना होती. २००५ साली केंद्र सरकारने हेच तत्त्व देशभर लागू केले, आणि त्यात आपत्तीच्या भागांत शंभर दिवसांवर आणखी पन्नास दिवस काम देण्याची सोय झाली. तो कायदा २०१९ व २०२१ या दोन्ही पुरांच्या वेळी अमलात होता.

मग पुरानंतर ही व्यवस्था मदतीच्या मध्यभागी का आली नाही? आमच्या मते, दुष्काळ म्हणजे काम आणि पूर म्हणजे वाटप, अशी एक वाटणी सरकारी डोक्यात कायमची बसलेली आहे, हे त्याचे कारण होय. वास्तविक पुराने जितके काम निर्माण होते तितके दुष्काळानेही होत नाही. शेतात टाचभर ते गुडघाभर गाळ बसलेला असतो, ताली फुटलेल्या असतात, पाणंदी वाहून गेलेल्या असतात, विहिरी गढूळ पाण्याने व मेलेल्या जनावरांनी भरलेल्या असतात. शाळेच्या खोल्या खरवडून धुवाव्या लागतात. पडलेल्या भिंतींचे ढिगारे उपसावे लागतात. हे काम कोणी करावयाचे? ज्यांची मजुरी बुडाली त्यांनीच, आणि पूर्ण मजुरी घेऊन. दोन हेक्टरांच्या मालकास गाळ उपसण्यासाठी हेक्टरी १२,२०० रुपये रोख देण्यापेक्षा, गावातील शंभर माणसांस पाणी उतरल्याच्या आठव्या दिवशी हजेरीपत्रकावर घेतले असते तर मालकाचे शेतही मोकळे झाले असते आणि मजुराची चूलही पेटली असती. घर धुण्याचे व चिखल काढण्याचे जे काम बायका चार-चार आठवडे बिनमोल करतात, त्यातले सार्वजनिक जागेचे काम तरी मजुरीचे मानावे. त्यात कायद्याची अडचण होती असे आम्हांस दिसत नाही. अडचण होती ती सवयीची.

येथे एक गोष्ट ओघाने सांगितली पाहिजे. मदत कुटुंबास द्यावयाची, आणि कुटुंब म्हणजे शिधापत्रिका, असा नियम आहे. जी बाई नवऱ्याने टाकली म्हणून माहेरी भावाच्या दारात निराळी चूल मांडून राहते, तिची शिधापत्रिका कोठे असते? भावाच्या नावात, किंवा कोठेच नाही. सांगली जिल्ह्यातील परित्यक्ता स्त्रियांनी १९८० च्या दशकात स्वतंत्र शिधापत्रिकेसाठी चळवळ केली तेव्हा पुष्कळांस ती क्षुल्लक मागणी वाटली. त्या बायकांस आपल्या प्रश्नाचे मर्म त्यांची चेष्टा करणाऱ्यांपेक्षा किती अधिक कळले होते, हे प्रत्येक पुरात दिसून येते.

खासगी मदतीविषयी आम्ही थोडेच बोलू. २०१९ साली साऱ्या महाराष्ट्रातून भाकरी, चादरी, औषधे, जनावरांस चारा असा ओघ कृष्णाकाठाकडे लागला. आणि हे घडत असता याच दोन जिल्ह्यांतील माण, आटपाडी, जत या भागांत पाण्याचे टँकर चालू होते. लोकांच्या मनाचा हा मोठेपणा कोणी नाकारू नये. परंतु जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजले, आणि धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांच्या छबी चिकटवून त्या वाटल्या गेल्या, हेही त्याच दिवसांत झाले. ज्याचे सर्वस्व वाहून गेले त्याच्या हातात आपली छबी ठेवण्याची ज्यांस लाज वाटली नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता कृष्णाकाठ सोडून वर, सह्याद्रीच्या कुशीत गेले पाहिजे. कारण पूर व दरड ही एकाच पावसाची दोन तोंडे आहेत. २०२१ च्या जुलैत २३ तारखेच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरास ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच काळ्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे डोंगर खाली आला आणि दोन डझनांहून अधिक माणसे त्याखाली गेली. वाचलेल्यांस कोयनानगरच्या परिसरात तात्पुरते ठेवण्यात आले. या कोयनेच्या खोऱ्याने काय काय सोसावे? धरणासाठी गावेच्या गावे उठली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. आणि आता पायाखालचा डोंगरच विश्वासाचा राहिला नाही. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले. त्या विजेसाठी ज्यांनी घरे सोडली त्यांच्या शेजाऱ्यांस दरडीनंतर पक्के घर मिळण्यास एकामागून एक पावसाळे वाट पाहावी लागावी, हे कोणत्या न्यायात बसते?

पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले. आमडे येथे नवे माळीण उभे राहून २०१७ च्या एप्रिलात लोकांच्या ताब्यात आले. तीन वर्षांच्या आत हे होऊ शकते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या गावातील रस्ते खचले व भिंतींस तडे गेले, हेही सिद्ध झाले. म्हणून घाईने कोठेही घरे बांधा असे आमचे म्हणणे नाही. जागा आधी भूगर्भशास्त्रज्ञाने पाहावी, मग गावकऱ्यांनी पाहावी, आणि मग इंजिनिअराने. परंतु धरणाने उठविलेल्या माणसासाठी महाराष्ट्राने १९७६ साली देशात प्रथम पुनर्वसनाचा कायदा केला. डोंगराने उठविलेल्या माणसास मात्र घोषणेवर विसंबून राहावे लागते. जागा किती महिन्यांत निवडावी, घर किती महिन्यांत द्यावे, तोवर भाडे कोणी भरावे, जुनी शेती कसण्यास जाण्यायेण्याची सोय काय, याची मुदत कायद्याने बांधलेली असली तर पाटणच्या माणसास दर पावसाळ्याच्या तोंडी मंत्र्यांच्या गाड्या मोजीत बसावे लागणार नाही.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप निश्चित येईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. उताऱ्यावर नाव नसलेल्यास मदत द्यावयाची म्हटली की खोटी नावे घुसतील, एका घराची चार घरे होतील, आणि खऱ्या गरजवंताचेच नुकसान होईल. खोटी नावे आजही घुसतातच. फरक इतकाच की ती चावडीच्या बंद दाराआड घुसतात. या रोगावर औषध जुनेच आहे. यादी गावसभेत मोठ्याने वाचावी. कोणाच्या शेतावर कोण राबत होते, कोणते शेत कोणी फाळ्याने घेतले, कोणती बाई निराळी चूल मांडून आहे, कोणाची भिंत नवव्या दिवशी पडली, हे सरकारास ठाऊक नसेल, पण गावास ठाऊक असते. शंभर माणसांच्या देखत खोटे नाव वाचले गेले तर मागच्या रांगेतून कोणीतरी खाकरतोच. मात्र ही सभा देवळाच्या पारावर न घेता शाळेच्या पटांगणात घ्यावी, आणि तिची दवंडी सर्व वस्त्यांत पिटवावी. नाहीतर बोलणारे तेच राहतील आणि ऐकणारेही तेच राहतील.

८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळास जी नाव उलटली ती सरकारी नव्हती, गावचीच होती. पाण्याने वेढलेल्या गावातून बाहेर पडण्यास दुसरे साधन नसल्यामुळे तीसएक माणसे तीत चढली. त्यांतील दहाहून अधिक बुडाली, आणि त्यांत बायका व मुले पुष्कळ होती. कोणत्या घरात म्हातारे आहे, कोठे बाळंतीण आहे, कोठे अपंग माणूस आहे, त्यांस प्रथम कोणी व कशातून न्यावयाचे, ही यादी पूर येण्यापूर्वी झालेली असती तर ती नाव इतकी भरली नसती. तीच यादी पुरानंतर मदतीच्या कामी येते; एकच वही दोन्ही वेळी उपयोगी पडणारी आहे. ती जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी काठच्या प्रत्येक गावात तयार असावी, तीत उतारा असलेला आणि नसलेला असे दोघेही लिहिलेले असावेत, आणि तिची एक प्रत शाळेच्या भिंतीवर, पुराची रेघ असेल तिच्याहून दोन हात वर, लावलेली असावी.